डायलिसिस मशीन देणगी द्यायचं ठरलंय, आधी काय बघू?

पारावरून | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्या गणेश मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष. डीजे बंद केला, मिरवणूक साधी काढली, गावातल्या आणि पुण्या-मुंबईला असलेल्या माणसांनी हात सैल सोडला आणि साडेनऊ लाख रुपये बाजूला पडले. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयाला डायलिसिसचं मशीन द्यायचं, असं बैठकीत एकमताने ठरलं. आमच्या एकट्या गावात सात जण डायलिसिसवर आहेत. तालुक्याला नंबर लागत नाही म्हणून ६५ किलोमीटरवर जिल्ह्याला जातात, आठवड्यातून दोनदा.

साडेसात लाखांचं कोटेशन हातात आहे. मी खजिनदार, चेक माझ्या सहीने जाणार. दसऱ्याला लोकार्पण करायचं म्हणतात. कुठलं मॉडेल घ्यावं, काय विचारून घ्यावं, या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा.

निर्झरा | रविवार, रात्री १०:३५

दादा, चेक फाडायची घाई करू नका. मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. १९ वर्षं रुग्णालयांतली यंत्रं सांभाळते आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या रुग्णालयात यंत्रांची यादी करायला गेले होते. स्टोअरमध्ये गाद्यांच्या मागे प्लास्टिकचं कव्हर घातलेलं डायलिसिस मशीन होतं. कव्हर काढलं तर वर पितळी पाटी, 'सप्रेम भेट', खाली देणगीदारांची नावं. या मशीनला आपल्या मोटारीला असतो तसा मीटर असतो, किती तास चाललं ते दाखवणारा. मी वायर लावून चालू केलं. आकडा आला ४१. एक डायलिसिस चार तासांचं. म्हणजे दहा वेळा माणूस त्याला जोडला गेला आणि मग ते गाद्यांच्या मागे गेलं. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. त्याला लागणारं पाणी देणारा आरओ प्लांट बंद पडला होता आणि त्याची मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, बदलायचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, हे कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा मॉडेलचं नंतर बघू. आधी मला तीन गोष्टी सांगा: पाणी कुठलं, वीज कशी आणि मशीन बिघडलं तर फोन कुणाला करायचा हे ठरलंय का.

सायली७३ | रविवार, रात्री ११:०५

माझे मिस्टर सहा वर्षं डायलिसिसवर होते, गेल्या वर्षी गेले. निर्झराताई, तुमचं बरोबर असेल. पण दादांना मशीन देऊ नका असं कृपा करून सांगू नका. पहाटे पाचची एसटी, मग चार तास मशीनवर, मग परतीच्या गाडीत त्यांना उलट्या व्हायच्या. सुई काढलेल्या जागी मी पूर्ण रस्ता बोटाने दाबून बसायचे. मशीन जवळ असणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात पेशंट आहे त्यालाच कळतं.

निर्झरा | रविवार, रात्री ११:२०

सायलीताई, देऊ नका असं मी म्हणणारच नाही. पुढच्या दसऱ्यालाही चालू असावं एवढंच म्हणते आहे.

पारावरून | सोमवार, सकाळी ७:५०

ताई, ४१ चा आकडा वाचून झोप लागली नाही. पाण्याचं सांगतो. रुग्णालयाला नगरपंचायतीचं नळाचं पाणी आहे, उन्हाळ्यात बोअरचं. नळाचं पाणी तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून येतं. गाव तेच पितं. ते चालणार नाही का?

निर्झरा | सोमवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, थोडं लांबेल.

डायलिसिसमध्ये पेशंटचं रक्त एका नळकांड्यातून फिरतं. त्याला डायलायझर म्हणतात. आत केसासारख्या पोकळ नळ्या असतात, सुमारे दहा हजार. नळ्यांच्या आतून रक्त, बाहेरून पाणी. पाणी म्हणजे त्यात मोजून क्षार मिसळलेलं द्रावण. रक्तातला युरिया, जास्तीचं पोटॅशियम त्या पातळ भिंतीतून पाण्यात उतरतं. पण ही भिंत दोन्ही बाजूंनी झिरपते. पाण्यात काही वाईट असेल तर ते रक्तात चढतं.

आता हिशोब करा. मिनिटाला ५०० मिली पाणी वाहतं. चार तासांत १२० लिटर. तुम्ही-आम्ही आठवड्याला १४-१५ लिटर पाणी पितो, तेही पोट आणि आतडी यांच्या चौकीतून जातं. डायलिसिसचा पेशंट आठवड्याला २४० ते ३६० लिटर पाण्यासमोर आपलं रक्त उघडं धरतो, मध्ये कुठलीही चौकी नाही. बाकीच्या माणसांसाठी जे पाणी शुद्ध, ते त्याच्यासाठी विष होऊ शकतं.

तुम्ही तुरटी म्हणालात. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये डायलिसिसचे पेशंट अडखळत बोलायला लागले, स्मृती गेली, झटके येऊ लागले, हाडं मोडू लागली. शोध घेत गेले तेव्हा कारण पाण्यातलं ॲल्युमिनियम निघालं. आज डायलिसिसच्या पाण्यात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

क्लोरीन तर त्याहून वाईट, कारण त्याला वर्षं लागत नाहीत. क्लोरीन किंवा क्लोरामाइन (क्लोरीनचंच एक संयुग) रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटतात, त्याच बैठकीत. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. नळाच्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट असतं, आणि ते असायलाच हवं, नाहीतर गावात कावीळ पसरेल.

भीमाकाठ | सोमवार, दुपारी ३:१५

डायलिसिस टेक्निशियन आहे, नऊ वर्षं. ताईंनी लिहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा सकाळच्या पाळीत तिघं एकदम छातीत दुखतंय, पाठ भरून आली म्हणायला लागले. नळीतलं रक्त एरवी दाट, अपारदर्शक दिसतं. त्या दिवशी ते सरबतासारखं आरपार दिसायला लागलं. सगळे पंप बंद केले, रक्त परत न देता तिघांनाही मशीनवरून काढलं. तिघंही वाचले. क्लोरीन शोषून घेणाऱ्या कार्बन फिल्टरमधला कार्बन संपलेला होता आणि आदल्या रात्री टाकीत क्लोरीनचा डोस जास्त पडला होता. त्या दिवसापासून पट्टी बुडवून क्लोरीन बघितल्याशिवाय मी एकही पेशंट जोडत नाही. कुणी कितीही ओरडलं तरी.

सायली७३ | सोमवार, संध्याकाळी ६:३०

भीमाकाठ, मी ओरडलेली आहे. एकदा टेक्निशियनने पाण्याची पट्टी बघितली आणि दोन तास कुणालाच घेतलं नाही. आमची परतीची शेवटची गाडी चुकणार होती. मी त्या पोराला नाही नाही ते बोलले. त्याने काहीच उत्तर दिलं नाही, खाली मान घालून फिल्टर धूत राहिला. आज कळतंय तो काय करत होता.

टिपूर | सोमवार, रात्री ९:००

निवृत्त शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. पाण्याचीच आणखी एक घटना. फेब्रुवारी १९९६, ब्राझीलमधलं कारुआरू शहर. दुष्काळात तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने धरणाचं पाणी आणलं, नीट प्रक्रिया न होता. त्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. पन्नासहून जास्त पेशंट यकृत निकामी होऊन गेले. टँकरचं पाणी आपल्याकडच्या कुठल्या तालुक्याला नवीन आहे?

आणि इंजिनियर नेमकं काय करतो असं कुणी विचारलं तर मी अमेरिकेतल्या वेन क्विंटन यांचं उदाहरण देत असे. डायलिसिसचं पहिलं चालणारं यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समधल्या कांपेन गावात बनवलं, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाला गुंडाळून. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई त्यामुळे वाचली. पण दर खेपेला नवी रोहिणी (धमनी) आणि नवी नीला (शीर) उघडावी लागे. थोड्याच खेपांत जागा संपत. म्हणजे मूत्रपिंडं तात्पुरती बंद पडली असतील तरच उपयोग. कायमची गेली असतील त्यांना डॉक्टर परत पाठवत.

सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांना कल्पना सुचली की हातात एक नळी कायमचीच ठेवावी. ती कशाची करायची? काचेत रक्त गोठतं. टेफ्लॉन तेव्हा नवं होतं. विद्यापीठाच्या रुग्णालयात उपकरणं बनवणारे वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनची नळी तापवून, वाकवून रक्तवाहिनीच्या मापाची केली. मार्च १९६० मध्ये क्लाइड शील्ड्स नावाच्या माणसाच्या हातात ती बसवली. तो आणखी अकरा वर्षं जगला. यंत्र १७ वर्षं आधीपासून होतं, अडलं होतं ते वीतभर नळीपाशी. पुढे १९६६ मध्ये फिश्चुलाची, म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडण्याची, शस्त्रक्रिया आली आणि ही बाहेरची नळी मागे पडली.

सडेतोड | सोमवार, रात्री १०:१०

सगळं वाचलं. पण हे सरकारचं काम आहे. २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस. आपल्या महात्मा फुले योजनेतही डायलिसिस बसतं. मंडळाने वर्गणी गोळा करून सरकारी दवाखान्याची यंत्रं का भरायची? आणि बिघडली तर दुरुस्तीही वर्गणीतूनच?

निर्झरा | मंगळवार, सकाळी ६:४५

सडेतोड, प्रश्न रास्त आहे आणि मी त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला, त्याआधी यादी केली. २९ राज्यांत २९,११५ आरोग्य संस्था, ७,५६,७५० यंत्रं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी. त्यातली वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के बंद होती. म्हणजे यंत्रं विकत घेतली गेली होती. ती चालू ठेवण्याची तरतूद कमी पडली होती. आता राज्याराज्यांत त्यासाठी एजन्सी नेमतात, टोल-फ्री नंबर असतो, प्रत्येक यंत्राला बारकोडचं स्टिकर लागतं.

दादा, यातली तुमच्या कामाची गोष्ट ही: देणगीचं मशीन रुग्णालयाच्या साठा नोंदवहीत रीतसर चढलं नाही, तर त्याला स्टिकर लागत नाही आणि मग ते कुणाचंच नसतं. लोकार्पणाच्या फोटोआधी ती नोंद करून घ्या. वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्या.

तुकडा_ढग | मंगळवार, सकाळी १०:२०

पुण्यात वैद्यकीय उपकरणं डिझाइन करणाऱ्या छोट्या टीममध्ये आहे. मला थोडं वेगळं म्हणायचंय. देखभाल महत्त्वाची खरीच, पण बरीचशी यंत्रं मुळात आपल्यासाठी बनलेलीच नसतात. एसी खोली, स्थिर २३० व्होल्ट, मऊ (कमी क्षारांचं) पाणी, धूळ नाही, हे सगळं गृहीत धरलेलं. आपल्याकडे मे महिन्यात खोली ४० च्या वर, व्होल्टेज १७० ते २७०.

आपल्या परिस्थितीसाठी बनवणं किती चिवट काम आहे, त्याचं माझं आवडतं उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतली हृदयाची झडप. परदेशी झडप आपल्या पेशंटला परवडत नव्हती, आणि संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली तरुण माणसं आपल्याकडे खूप. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या टीमने एकामागून एक तीन मॉडेलं केली, तिन्ही फसली. एकात नीलमणीची, म्हणजे कृत्रिम सफायरची चकती होती. प्रयोगशाळेत ती उत्तम चालली आणि मेंढीच्या छातीत फुटली. चौथ्यात चकती साध्या दिसणाऱ्या पॉलिथिलिनची केली, अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलिन. ती चिवट, झीज कमी, आवाजही कमी. डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या माणसाला बसवली. आजवर एक लाखाहून जास्त बसल्या आहेत. तीन अपयशांनंतर चौथ्याला पैसे आणि वेळ देणारी संस्था पाठीशी होती, म्हणून हे झालं. आपल्याकडे तीच गोष्ट दुर्मीळ आहे.

पारावरून | मंगळवार, दुपारी २:००

प्राध्यापक साहेब, तुकडा_ढग, वाचून भारावलो. पण माझा धागा खरेदीचा आहे, तेव्हा परत येतो. 😊 ताई, विजेचं सांगा. रुग्णालयात जनरेटर आहे.

निर्झरा | मंगळवार, रात्री ८:५०

जनरेटर सुरू होईपर्यंत मशीनमधली बॅटरी रक्ताचा पंप पंधरा-वीस मिनिटं चालवते. बॅटरी जुनी झाली की तेही नाही. मग टेक्निशियन हँडल लावून हाताने पंप फिरवतो आणि रक्त पेशंटला परत देतो. भीमाकाठने फिरवलं असेलच. नवीन मशीन आलं की हे हँडल कुठे टांगलंय ते सगळ्या नर्सना दाखवून ठेवा.

विजेतली मोठी गोष्ट अर्थिंगची. घरात पंख्याचा बारीकसा झटका बसतो, आपण हात झटकून पुढे जातो. डायलिसिसच्या बऱ्याच पेशंटच्या मानेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घातलेलं असतं आणि त्याचं टोक हृदयापाशी असतं. कातडीचा अडसर उरत नाही. हृदयाला थेट जोडणाऱ्या उपकरणांसाठी विजेच्या गळतीची मर्यादा १० मायक्रोॲम्पियर आहे. हातातल्या झटक्याला त्याच्या शेकडो पट विद्युतप्रवाह लागतो. म्हणजे नर्सला कळणारही नाही इतक्या विजेने पेशंटचं हृदय थांबू शकतं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकला, मीठ-कोळसा-पाणी कुणी घातलं नाही, की ती गळती जमिनीत न जाता माणसातून वाट शोधते. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मशीन लावूच नका.

कोटेशनबद्दल: देखभालीचे करार दोन प्रकारचे. एएमसी म्हणजे नुसती मजुरी, सीएमसी म्हणजे सुट्या भागांसकट. वॉरंटीनंतरच्या सीएमसीचा दर आजच लेखी घ्या. मशीन विकताना कंपनी नमते, विकल्यावर नमत नाही. किती तासांत माणूस पोचेल तेही लिहून घ्या.

आणि कॉलेजात बायोमेडिकल करणारी मुलं हे वाचत असतील तर: हे काम असं दिसतं. खड्ड्यात मीठ आहे का ते बघणं हेही आपल्याच अभ्यासक्रमातलं आहे.

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

हँडल दोनदा फिरवलंय. हात भरून येतात, पण थांबता येत नाही, थांबलं की रक्त गोठतं.

दादा, एक विसरू नका. हिपॅटायटिस बी असलेल्यांना वेगळं मशीन लागतं, ते इतरांना वापरत नाहीत. तालुक्याला सध्या किती मशीन आहेत आणि कशी वाटली आहेत ते विचारा.

पारावरून | बुधवार, संध्याकाळी ७:४०

हे विचारलंच नव्हतं. शनिवारी जाऊन येतो.

पारावरून | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

उशीर झाला, क्षमस्व. तीनदा जाऊन आलो. अधीक्षक मॅडमनी सगळं उघडून दाखवलं.

तालुक्याला दोन मशीन आधीपासून आहेत. एक चालतंय. दुसरं चौदा महिने बंद. आमच्यातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. व्होल्टेज वाढून त्याचं पॉवर सप्लायचं कार्ड जळालंय, बाकी ठीक. न्यूट्रल-अर्थ मोजलं, ११ व्होल्ट! खड्डा शोधायला अर्धा तास लागला, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते.

आरओ प्लांट ताशी २५० लिटरचा आहे, पण देतो जेमतेम ५०. ताईंच्या आकड्यावरून मी हिशोब केला: मिनिटाला ५०० मिली म्हणजे एका मशीनला ताशी ३० लिटर, दोनांना ६०. म्हणजे दुसरं दुरुस्त केलं असतं तरी पाणी पुरलं नसतं, आणि आम्ही तिसरं द्यायला निघालो होतो. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये मीठ नव्हतं, त्यामुळे बोअरच्या क्षारांनी मेम्ब्रेन दगडासारखी झाली आहे. कार्बन शेवटचा कधी बदलला, नोंद नाही.

मंडळाच्या बैठकीत दोन तास वाद झाला. "मशीनसाठी पैसे दिले, खड्ड्यासाठी नाही," असं काहींचं म्हणणं होतं आणि ते समजण्यासारखं आहे. देणगीदारांना फोन करून प्रत्येकाला विचारलं. सायलीताई, तुमचं एसटीचं लिहिलेलं मी बैठकीत वाचून दाखवलं, राग मानू नका. शेवटी ठरलं ते असं: जळालेलं कार्ड ६८ हजार. मेम्ब्रेन, कार्बन, सॉफ्टनरचं रेझिन आणि झाकणाची नवी टाकी मिळून १ लाख ९० हजार. दोन नवे अर्थिंग खड्डे आणि यूपीएस २ लाख २० हजार. दोन्ही मशीनची तीन वर्षांची सीएमसी २ लाख ९० हजार. उरलेले पाण्याच्या दर महिन्याच्या तपासणीला आणि क्लोरीनच्या पट्ट्यांना. सगळ्याची नोंद साठा नोंदवहीत, मॅडमच्या सहीने. पाटी प्लांटच्या खोलीत लागेल.

दुसरं मशीन चालू झालं की आमच्या सातांपैकी चौघांना तालुक्यालाच जागा मिळेल, असं मॅडम म्हणाल्या. उरलेल्या तिघांचं अजून जमलेलं नाही.

सायली७३ | रविवार, रात्री ९:५०

राग कसला दादा. चार घरांची पहाटेची एसटी सुटली.

पारावरून | रविवार, रात्री १०:०५

ताई, एक शेवटचं. पट्ट्यांची डबी आली आहे. तिथला टेक्निशियन नवा आहे, कालच मला म्हणाला, पाणी नेमकं कुठून घेऊन तपासू? टाकीतून की मशीनजवळून?

निर्झरा | रविवार, रात्री १०:२०

दोन्हीकडून नाही. कार्बनच्या टाकीच्या लगेच पुढे छोटा नळ असतो, आरओच्या आधी. तिथून. नळ नसेल तर प्लंबरकडून आत्ताच बसवून घ्या, मेम्ब्रेन बदलायला सगळं उघडलेलं असतानाच. प्लांट चालू करून किमान पंधरा मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग नमुना घ्यायचा. रात्रभर टाकीत थांबलेलं पाणी नेहमीच चांगलं दिसतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक पाळीच्या आधी एकदा. वहीत चार रकाने आखा: तारीख, वेळ, आकडा, सही. त्या मुलाला माझा मेसेज द्या, पट्टीचा रंग खिडकीपाशी उजेडात बघ म्हणावं, ट्यूबलाइटखाली फिका गुलाबी दिसत नाही.